धूळमुक्त आकाशगंगा

जयपुरातल्या एका सरकारी विद्यापीठाने मार्च महिन्यात आपला परिसर धूळमुक्त असल्याचे जाहीर केले. स्वच्छता मानांकनाची समिती लवकरच येणार होती आणि तिच्या प्रश्नावलीत धुळीला वेगळे गुण होते. जयपुरात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते, हे कुलगुरूंना ठाऊक नव्हते असे नाही. पण धूळ पुसणे हे सफाई विभागाचे काम आणि धूळमुक्त जाहीर करणे हे प्रशासनाचे. प्रशासनाने आपल्या वाट्याचे काम वेळेआधी संपवले होते.

जाहीर केल्यावर ते निभावणे आले. विद्यापीठातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरात धुळीचा उल्लेख आहे का, हे संगणकावर शोधायचे ठरले. ग्रंथालय, उद्यान आणि वसतिगृहाचे अहवाल अगदी स्वच्छ निघाले, कारण तिथले लोक नोकरीत मुरलेले होते. सापडल्या त्या भौतिकशास्त्राच्या डॉ. देवयानी शेळके. त्यांच्या शोधनिबंधात पानोपानी धूळ होती आणि एका ठिकाणी तर ‘दाट धूळ’ असा सरळ कबुलीजबाबच होता.

देवयानी मूळची फलटणची. नवरा मेजर उत्तम शेळके इथल्या लष्करी तळावर आला, त्याच्यामागून ती आली आणि तिला नोकरीही मिळाली. तिचा विषय लाल राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगून लाल झालेले तारे. त्यांतल्या एका जातीचे तारे जवळपास सारख्याच तेजाचे असतात. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या बाजारात दिवाळीला एकसारखे दिवे लागतात, त्यातला जो मंद दिसतो तो लांबचा, इतका हा हिशेब सोपा. मात्र दिव्याच्या काचेवर धूळ असली की जवळचा दिवाही मंद दिसतो आणि लांबचा वाटतो. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे अशी धूळ पुष्कळ आहे. तिने किती उजेड खाल्ला हे आधी काढायचे आणि मग अंतर मोजायचे. देवयानीने कित्येक वर्षे ही धूळ दिशेदिशेने मोजून आकाशगंगेच्या मधल्या भागाचा नकाशा काढला होता. विद्यापीठाच्या संमतीने निबंध महिनाअखेर छापायला गेला तर तिला चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर काम करायला मिळणार होते. न गेला तर तो वेळ दुसऱ्या कोणाच्या पदरात पडणार होता.

तिला कुलसचिव राठौडजींनी सुनावणीला बोलावले. राठौडजी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी चहा मागवला, मग कपाखालची बशी रुमालाने पुसली आणि रुमाल घाईने खिशात घातला. देवयानीने त्यांना तारे, तेज आणि दिवाळीचे दिवे असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते मन लावून ऐकले आणि एकच प्रश्न विचारला.

“मॅडमजी, सीधी बात बताइए. ये धूल हमारे कॅम्पस में है या बाहर है?”

इथे देवयानीने आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक केली. ती खरे बोलली. आपला कॅम्पस पृथ्वीवर आहे, पृथ्वी आकाशगंगेत आहे आणि ही धूळही आकाशगंगेतच आहे, असे तिने सांगितले.

“मतलब एक ही परिसर हुआ,” राठौडजी म्हणाले आणि त्यांनी तसे टिपून घेतले.

एकच परिसर म्हटल्यावर आकाशगंगा विद्यापीठाच्या स्वच्छता धोरणाखाली आली. देवयानीला कळवण्यात आले, की सदर धूळ एकतर तातडीने हटवावी किंवा ती अस्तित्वात नसल्याचे लिहून द्यावे. धूळ हटवण्याची जबाबदारी सफाई विभागावर आली. तो विभाग नियमाला पक्का होता. दोन सफाई कर्मचारी लांब बांबूचे झाडू घेऊन विज्ञान भवनाच्या गच्चीवर चढले, सफाई अधिकाऱ्याने खालून त्यांचे फोटो काढले आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशा रकान्यांत लावले. ‘आधी’च्या रकान्यात गेल्या वर्षीच्या आंधीतले पिवळेकरडे आकाश होते. ‘नंतर’च्या रकान्यात त्या दिवशी सकाळचे निळेभोर आकाश होते. फरक कोणालाही दिसण्यासारखा होता. त्यावरून आकाश स्वच्छ केल्याचे प्रमाणपत्र निघाले आणि देवयानीला सूचना मिळाली, की धूळ आता उरलेली नसल्यामुळे निबंधात तिच्यापोटी केलेली वजावट रद्द करून अंतरे नव्याने काढावीत.

त्या दिवशी ती घरी आली ती तणतणतच. उत्तमने तिचे सगळे ऐकून घेतले. फौजेत राहून त्याला तपासणी या प्रकाराविषयी एक शांतपणा आला होता.

“अगं, आमच्याकडं इन्स्पेक्शनच्या आधी कोळशालासुद्धा चुना मारतात,” तो म्हणाला. “साहेब बघतो, बरं म्हणतो, जातो. तू एका आकाशगंगेसाठी कशाला जिवाला लावून घेतीस?”

“अरे, पण अंतरं चुकतात ना.”

“चुकली तर कुणाला जायचंय तिथं? आणि हे बघ, तुझ्या स्कूटरच्या धुराचं पीयूसी आणलं मी. नंबर प्लेटचा फोटो पाठवला, तेवढ्यावर काम झालं. स्कूटर न्यायलाच नको.”

देवयानीने ते पीयूसी घेतले, बरे झाले, माझी एक खेप वाचली असे म्हणाली आणि ते स्कूटरच्या डिकीत ठेवले. मग ती पुन्हा विद्यापीठाच्या अप्रामाणिकपणावर बोलू लागली.

महिनाअखेर जवळ आली तशी तिची झोप उडाली. दुर्बीण डोळ्यांसमोर दिसत होती. शेवटी, एकदा संमती मिळू दे, नंतर खरी अंतरे छापू, अशी स्वतःची समजूत घालून तिने धुळीची वजावट काढून टाकली. व्हायचे तेच झाले. धुळीआडचे सगळे तारे लांब जाऊन बसले. आकाशगंगेचे केंद्र दूर पळाले, आणि धूळ जिकडे जास्त तिकडे तारे अधिकच मागे गेल्यामुळे सगळ्या नकाशाला पातेल्याला पडतो तसा पोचा पडला. देवयानी हे सांगायला कुलगुरूंकडे गेली. कुलगुरूंनी नकाशा उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि ते विलक्षण खूश झाले. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाची एक इंच जमीन वाढली नव्हती, आणि इथे एका खात्याने खर्चाविना आकाशगंगा वाढवून दिली होती. पोच्याचे काय, असे तिने विचारले तेव्हा तो आपल्या दिशेला नाही ना, एवढी त्यांनी खात्री करून घेतली. तो मोठा नकाशा त्यांनी प्रवेशद्वाराजवळ लावायला सांगितला.

समिती आली. अध्यक्ष बाई करड्या शिस्तीच्या म्हणून प्रसिद्ध होत्या आणि त्यांच्या हातात पांढरा हातमोजा होता. त्यांनी नकाशाच्या चौकटीवरून बोट फिरवले. बोटाला दाट मळ लागला. त्यांनी बोटाकडे पाहिले, शेजारी लावलेल्या प्रमाणपत्राकडे पाहिले आणि हातमोजा बदलला. मग त्या देवयानीकडे वळल्या.

“आप तो वैज्ञानिक हैं. आप ही बताइए, धूल है?”

राठौडजी जमिनीकडे पाहू लागले. देवयानीला वाटले, हीच वेळ आहे. आहे म्हणावे, खिडकीबाहेर आहे, चौकटीवर आहे, आकाशात तर वारेमाप आहे. पण संमतीपत्रावर अजून सही व्हायची होती आणि सही करणारा हात तिच्या शेजारीच, कुलगुरूंच्या खिशात होता.

“प्रमाणपत्र के अनुसार नहीं है,” ती म्हणाली.

विद्यापीठाचा पहिला क्रमांक आला. संमतीवर त्याच दिवशी सही झाली आणि निबंध बाहेर गेला. परदेशातल्या संपादकांनी विचारले, मधली धूळ गेली कुठे? विद्यापीठाने तत्परतेने उत्तर दिले, की ती झाडली आहे, फोटो सोबत जोडले आहेत. निबंध परत आला आणि दुर्बिणीवरचा वेळ दुसऱ्या कोणाला गेला. कुलगुरूंनी देवयानीला स्वच्छता कक्षाची प्रमुख नेमून तिचे सांत्वन केले. तिचा खरा नकाशा कपाटावर पडून आहे. त्याच्यावर रोज जे साचते ते विद्यापीठाच्या धोरणात बसत नाही, म्हणून कोणी पुसतही नाही. देवयानीला स्वतःची लाज वाटली. चांगली आठवडाभर वाटली.

पुढे एकदा सीकर रोडवर वाहतूक पोलिसाने तिची स्कूटर अडवली. स्कूटर काळा धूर सोडत होती. त्याला ठसका लागला. देवयानीने डिकीतून पीयूसी काढून दिले. त्याने डोळे पुसत ते वाचले, ‘ठीक है, मॅडमजी’ म्हणून परत दिले आणि तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. पहिला गिअर टाकताना देवयानीच्या मनात आले, की आकाश स्वच्छ केल्याचे ते प्रमाणपत्र आणि या पोलिसाच्या हातात होता तो कागद एकाच जातीचे आहेत. मग मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या आणि ती निघाली.

एवढे शिकलेली बाई अशी कशी वागली, असे तुम्हाला वाटत असेल. वाटणारच. जरा खाली जाऊन तुमच्या गाडीतले पीयूसी काढून पाहा. ते मिळाले तेव्हा गाडी तिथे होती का, एवढेच आठवा.