विश्वाचा विस्तार आणि साहेबांचा कोट

जी गोष्ट आपल्या हातात नाही ती फार काटेकोरपणे मोजावी, हा सर्व प्रगत समाजांचा नियम आहे. त्यानुसार आमचा विश्वविस्तार मापन विभाग स्थापन झाला.

विश्व फुगत आहे आणि फुगण्याचा वेगही वाढत आहे, असे विभागाचे मत आहे. विश्वातल्या पाच टक्के गोष्टी आम्हाला कळतात. उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांवर आम्ही अहवाल लिहितो. समीकरण काही केल्या जुळेना, की त्यात एक स्थिरांक घालतात. (त्याची कागदावरची किंमत आणि आकाशातली किंमत यांत एकशेवीस शून्यांचा फरक पडतो. तो किरकोळ समजावा.)

विभागप्रमुखांचे वडील शिंपी. दुकान कार्यालयापासून दोन गल्ल्यांवर. मुलाला पुरस्कार मिळणार म्हणून त्यांनी कोट शिवायला घेतला. साहेब मापाला आधी आठ दिवसांनी गेले, मग महिन्याने, मग पाच महिन्यांनी, मग सव्वा वर्षाने. दर वेळी कंबर वाढलेली. पण जुना कारागीर शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडून ठेवतो; तेवढं उसवून म्हातारा कोट सैल करी. उशीर का झाला विचारलं, की साहेब म्हणत, "बाबा, वेळच नाही हो." दिवसांचा आकडा बदलला, कारण बदललं नाही. शास्त्रात यालाच स्थिरांक म्हणतात.

परवा टपालात एक कागद आला. दोन रकाने: किती दिवसांनी, किती वाढ. सही नाही, एकक नाही. (एककावाचून आमचं अडत नाही.) कुठल्यातरी लहान वेधशाळेची निरीक्षणं समजून विभागाने आलेख काढला. साहेबांनी शेरा मारला: "वाढत्या वेगाने विस्तार. निर्विवाद पुरावा. प्रसिद्ध करावे."

फाइलला लावताना लिपिक बाईंनी कागद उलटला. मागे लिहिलं होतं: "शिवणीतली माया संपली. आता कोट सैल व्हायचा नाही. मला सुईही ओवता येत नाही. एकदा येऊन जा."

साहेबांनी कागद हातात घेऊन वाचला. मला वाईट वाटलं, हे नमूद करतो. मग ते उठून चालू लागले. फाइल घेऊन मी मागोमाग. (चार मिनिटं लागली. हे अंतर यापूर्वी कोणी मोजलं नव्हतं.) म्हाताऱ्याने टेप काढली आणि म्हणाला, "हात वर कर."

विभागाने आता वाचकांकडूनही माहिती मागवली आहे. नमुना सोपा आहे: आईवडिलांकडे शेवटचं कधी गेलात, आणि त्यानंतर का नाही. दुसऱ्या रकान्यात 'वेळ नाही' आम्ही आधीच छापून ठेवलं आहे. तेवढाच तुमचा वेळ वाचेल.