मुळेकाकांची शिट्टी

मुळेकाका आमच्याशी मराठीत बोलतात आणि चिमण्यांशी हिंदीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "अहो सोमण, चिमण्या उज्जैनच्या. त्यांना मराठी कुठून येणार?"

काका रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर उज्जैनच्याच नानाखेडा भागात आमच्या शेजारी एकटेच राहायला आले आणि येताना शिट्टी घेऊन आले. कॉलनीत सगळ्यांच्या अंगणात गुलाब, काकांच्या अंगणात राळं. पिंजऱ्यातल्या पोपटाला घालतात ते बारीक पिवळं धान्य. इकडे त्याला कंगनी म्हणतात. पावसाळ्यात पेरायचं, गुडघ्याच्या वर वाढलं की कणसं माना टाकतात.

कणसात दाणा भरू लागला की काका प्रत्येक कणसाला कापडी टोपडं बांधत. त्यासाठी भैरवगढला सायकलने जाऊन, कापडावर छपाई करणाऱ्यांकडून चिंध्या आणत. त्या दिवसांत त्यांचं अंगण बारशाला जमलेल्या तान्ह्या पोरांनी भरल्यासारखं दिसे. पाखरांसाठी पेरायचं आणि पाखरांपासूनच राखायचं, हे मला काही केल्या पटेना. काका म्हणत, "आत्ता फस्त केलं तर मे महिन्यात काय खातील?" आणि कुंपणावरच्या चिमण्यांना बजावत, "कायदे से चलो, भाई."

मग उन्हाळ्यात, दुपारी जेवणाच्या वेळी, काका जपून ठेवलेल्या कणसांची जुडी आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर टांगत आणि शिट्टी फुंकत. कुठून कुठून चिमण्या येत. काका ताट घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसत.

मला त्या शिट्टीचा भयंकर हेवा वाटे. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं. त्या वर्षी मी रंगीत टीव्ही घेतला होता, वर केबलसुद्धा. आमची पोरं चार दिवस टीव्हीसमोर बसली आणि पुन्हा भिंतीशी गेली. माझ्या शर्टाचं बटण महिनाभर लोंबत होतं आणि मालती, म्हणजे आमची सौभाग्यवती, काकांना टोपडी शिवून देत होती.

मीही शिट्टी आणली. गच्चीवर दुकानातलं बर्डफीड पसरून जीव खाऊन फुंकली. शेजारचा कुत्रा आला.

मग काकांकडून मूठभर बी मागून आणलं आणि कुंड्यांमध्ये पेरलं. काकांनी टोपड्यांची आठवण केली, पण मी काय त्यांची नक्कल करणार होतो? दाणा अजून कोवळा, दुधात होता तेव्हाच पाखरांनी सगळं साफ केलं, आणि तेही मी बँकेत कामावर गेलेलो असताना. एकही चिमणी माझ्या नजरेस पडली नाही.

शेवटी मे महिन्यात एका दुपारी, काका ताट घेऊन बसले असताना, मी भिंतीशी जाऊन काकांना सरळच म्हणालो की जुडी माझ्या व्हरांड्यात टांगू द्या. भिंत दोघांची, तर चिमण्या एकट्या तुमच्याच का?

काकांनी जुडी सोडून माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, वाद घालतील.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पण मग मी जेवायला कुठे बसू?"

मला कळेना. एवढं मोठं घर होतं त्यांचं.

"भिंतीपलीकडे तुमच्या जेवणघराची खिडकी आहे," काका ताटाकडे बघत म्हणाले. "पोरं भांडतात, मालती ओरडते, तुम्ही वरणाला नावं ठेवता. ऐकत बसलं की पोळी घशाखाली उतरते. नुसतं भिंतीला चिकटून बसलो असतो तर लोक काय म्हणाले असते? म्हणून पाखरं."

मी जुडी पुन्हा भिंतीवर टांगली. गाठ काही नीट बसेना.

रविवारी मालतीने पानं वाढली. मी खिडकीशी गेलो आणि माझी ती बिनकामाची शिट्टी फुंकली. पोरं हसली. मग फाटक वाजलं आणि काका आले, धुतलेला सदरा घालून, हातात स्वतःचं ताट घेऊन.

"कायदे से," म्हणत ते माझ्याच पाटावर बसले. मालतीने तव्यावरची पहिली पोळी त्यांना वाढली, दोन्ही पोरं त्यांच्या अंगाला चिकटून बसली, आणि वरणाला नावं ठेवायचं काम मी मोठ्या आवाजात सुरू केलं. वरण चांगलं झालं होतं.