दिघेसरांचं टच वुड

आमच्या दाराचं पॉलिश एका जागी पार उडालंय. ते दिघेसरांनी उडवलं. मुलाला नोकरी लागली म्हटलं की "टच वुड!" आणि दारावर टकटक. कुकर नीट चालतोय म्हटलं तरी टकटक.

सर आमचे शेजारी. टोंकखुर्दला जन्मभर इंग्रजी शिकवून देवासला आले. चांगलं काही बोललात की लाकडाला हात लावा, म्हणजे दृष्ट लागत नाही, एवढाच त्या टच वुडचा अर्थ. पण सर म्हणायचे, "अर्थ पुस्तकात मिळतो, वहिनी. वापर आपणच करावा लागतो!" भाजीवालाही सुटला नाही. "मटर एकदम ताजी है, सरजी," म्हणाला की, "तो लकड़ी छू, भिया!" तो बिचारा मुकाट्याने ठेल्याला हात लावायचा.

एकदा हाटपिपल्याच्या बसमध्ये लाकूड सापडेना, तेव्हा सरांनी खिशातून चक्क पोळपाटाचा तुटका पाय काढला. मी इतकी हसले की कंडक्टरही हसायला लागला. "घरून लाकूड घेऊन निघता, सर?" मी विचारलं. त्यांनी त्यावर टकटक केली आणि तो पाय परत खिशात ठेवला. मला आता त्या हसण्याची लाज वाटते.

मागच्या महिन्यात आमचे हे हॉस्पिटलात होते. पाचव्या दिवशी सर भेटायला आले. मी म्हटलं, "आज बरं आहे. उद्या घरी सोडतायत." सरांचा चेहराच उतरला. घाईघाईने त्यांनी तो पाय माझ्या हातात कोंबला.

"आमच्या हिच्या वेळी डॉक्टर असंच म्हणाले होते," ते म्हणाले. "मी टच वुड म्हटलं आणि बघतो तर पलंग लोखंडी, खुर्ची प्लास्टिकची, दार काचेचं. खाली लिंबाचं झाड होतं, वहिनी. तीन मजले उतरायचा मी आळस केला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून तिच्या पोळपाटाचा हा पाय जवळ ठेवतो."

"असं काही नसतं हो, सर."

"माहीत आहे. नुसती बोलायची पद्धत आहे, असंच पोरांना शिकवलं मी. पण तुम्ही हात काढू नका."

हे घरी येईपर्यंत मी तो पाय सोडला नाही. मग परत द्यायला गेले. सर दारातच उभे होते.

"सर, तुम्ही कसे आहात?"

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच विचारलं. ते जरा गोंधळलेच. "मी? बरा आहे की," म्हणाले. दार हाताशी होतं, पण हात काही उचलला नाही.

मग मीच त्यांच्या दारावर टकटक केली. "टच वुड, सर."