निर्व्यसनी घराचा वास

बाटलीचं झाकण निघालं आणि चंपतराव आपल्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून उभे राहिले.

काळी, जाड काचेची, मुठीत मावेल एवढी बाटली. मुलाच्या, शिवमच्या कपाटात शर्टांमागं दडवलेली. त्यांनी मनगटावर एक फवारा मारला, मनगट नाकाशी नेलं आणि त्यांचे डोळेच मिटले. वास ओळखीचा होता. तंबाखूच ती! पण काय तिचा थाट! जन्मभर जिला चुना लावून ओठाखाली दाबली, ती आज मधात न्हाऊन, चंदनाच्या पाटावर बसून समोर आली होती. गल्लीतलं शेंबडं पोर कलेक्टर होऊन गाडीतून उतरावं, तसं चंपतरावांना झालं. नमस्कार करावा की पाठीवर थाप मारावी, काही सुचेना.

"अगागागा!" ते पुटपुटले आणि लगेच दचकून दाराकडं पाहिलं.

कारण शपथ होती. तंबाखूचा खर्रा सोडवताना कस्तुराबाईंनी शेगावच्या महाराजांच्या फोटोसमोर नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं, "खाणार नाही, बाळगणार नाही, वास बी घेणार नाही." शेवटचं कलम त्यांनी मुद्दाम घातलं, कारण नवरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. तेव्हापासून चंपतराव पानठेल्यासमोरून जाताना श्वास रोखून मोटरसायकल चालवत.

मग आज ही अवदसा कशी आठवली? तर कालच शिवम या बाटलीचं कौतुक सांगून बसला होता. "बाबा, दोस्तानं देलं हे अत्तर. बाईनं लावा नाही तं माणसानं, दोघायले चालते. पण कोणालेबी शोभत नाही. जो कमी बोलते, कोणाले भेत नाही, ज्याले पाहून लोकं आपसूक जागा देतात, त्यालेच शोभते."

चंपतरावांना आजवर कोणी जागा दिली नव्हती. मालेगावच्या बाजारात त्यांची वांगी सगळ्यांत शेवटी उतरत, एसटीत त्यांनी टाकलेल्या रुमालावर दुसराच बसे आणि घरात त्यांचं वाक्य कस्तुराबाई पुरं करत. आणि आज तर वजन दाखवायचाच दिवस होता. शेलूबाजारचे पुंजाजी आपल्या वैजयंतीसाठी घर पाहायला येणार होते. मुलगा शेती करतो एवढं ऐकून पोरीवाले चहा अर्धा सोडून उठतात, असे हे दिवस. हे स्थळ हातचं गेलं तर शिवम बिनलग्नाचाच राहायचा. त्यात पुंजाजी म्हणजे व्यसनमुक्तीवर गावोगाव भाषणं देणारा माणूस. मेडशीच्या एका घरी खिडकीत नुसती चुन्याची डबी दिसली, तर पोह्यांना हात न लावता परतला होता. मध्यस्थ धनराजनं त्यांना छातीठोक सांगितलं होतं, "चंपतभाऊचं घर म्हंजे एकदम निर्व्यसनी!"

चंपतरावांनी गळ्याभोवती आणखी दोन फवारे मारले आणि आरशात पाहिलं. खरंच, खांदे जरा रुंद वाटले! ते सावकाश, ठाण मांडून चालत बाहेर आले.

एवढ्यावर भागलं असतं. पण शिवमनं सकाळीच त्या अत्तरानं जवळजवळ आंघोळ केली होती. आणि चंपतराव बाहेर पडताच कस्तुराबाई आत शिरल्या. "दोघायले चालते" हे त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचं नाक सर्दीनं चोंदलेलं. एक फवारा मारला, वास नाही. दुसरा मारला, तरी नाही. "पाणचटच दिसते मेलं," म्हणत त्यांनी पदरावर, उशांवर, बैठकीच्या गादीवर, तक्क्यांवर मनसोक्त फवारणी करून टाकली.

पुंजाजी आले आणि उंबरठ्यावरच थबकले. नाकपुड्या फुलल्या. मागं उभ्या धनराजचं तोंड उतरलं.

"या. बसा," चंपतराव म्हणाले. कमी बोलायचं ठरलंच होतं.

पुंजाजी गादीवर बसले, तर गादीतून वास. तक्क्याला टेकले, तर तक्क्यातून. शिवम पाणी घेऊन वाकला, तर त्याच्या कॉलरमधून भपकारा. शेवटी कस्तुराबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, पदर हलला आणि पुंजाजी डोळे विस्फारून त्यांच्याकडं पाहतच राहिले.

धनराज चंपतरावांच्या कानाशी लागला. "भाऊ, काय करून ठेवलं हे? माही इज्जत घेता काय?"

"म्या खाल्ली नाही."

"मंग घर खाऊन राह्यलं काय?"

चंपतराव कात्रीत सापडले. अत्तराचं सांगावं, तर शपथ मोडल्याचं बायकोसमोर निघणार. न सांगावं, तर सोयरीक जाणार. त्यांनी आशेनं शिवमकडं पाहिलं. शिवम फरशीकडं पाहत होता.

पुंजाजी उठले. पोह्यांना हात न लावता उठले! त्यांनी खिडकी पाहिली, मोरी पाहिली, माठामागची भिंत वाकून पाहिली. कुठं पिंक नाही, डाग नाही. शिवमला म्हणाले, "जवाई... म्हंजे, भाऊ, आ करा जरा." दात पांढरेशुभ्र. कस्तुराबाईंचे दात त्यांनी इकडचा तिकडचा विनोद करून, हसवून पाहिले. तेही लख्ख.

"चंपतराव," ते गंभीरपणे म्हणाले, "चला, वाडी दाखवा. आपण दोघंच."

वांग्यांच्या ओळीत गेल्यावर पुंजाजींनी मागं कोणी नाही याची खात्री केली.

"खरं सांगा. घरातले सारेच काय?"

"पाव्हणे, आयका, तसं नाही ते..."

"थांबा. पहिले माहं आयका." पुंजाजींनी त्यांचा हात धरला. भाषणं देऊन कमावलेला तो भरदार आवाज एकदम चिरकला. "माह्या वैजूच्या ओढणीले महिन्यापासून हाच वास येऊन राह्यला. हाच! मी साऱ्या तालुक्याले तंबाखू सोडा म्हणून सांगतो, अन् माह्याच घरात माही पोट्टी! तिले विचाराची हिंमत होत नाही हो मले. निर्व्यसनी घरात देली तं आठ दिवसात वापस आणून सोडतीन. खाणारं घर पाहावं, तं तिथं भिंती रंगलेल्या. मी करू तं काय करू?"

चंपतराव थक्क होऊन पाहत होते. ओढणी, कपाटातली बाटली आणि फरशीकडं पाहणारा शिवम, हे तिघं त्यांच्या डोक्यात एका रांगेत येऊन बसले. दोस्तानं दिलं म्हणे! कोणता दोस्त ते आता समजलं. पण हे अत्तर आहे म्हटलं, की दोन घरी एकच अत्तर कसं आलं, हा पुढचा सवाल आलाच. लग्नाआधी पोरापोरीचं बोलणं चालू आहे हे पुंजाजींसारख्या कडक माणसाला कळलं, की सोयरीक तिथंच वांग्यात पुरली जायची.

चंपतरावांनी एक लांब श्वास घेतला. मनगटावरून तो राजेशाही वास वर आला. कमी बोलायचं. भ्यायचं नाही.

"सारेच," ते म्हणाले.

"मालकीणबी?"

"तिचं तं लग्नाच्या पहिलेपासून."

पुंजाजींनी कपाळाला हात लावला, पण डोळ्यांत नुसता आदर दाटला होता. "काय माणसं हायेत हो तुमी! एवढा भारी वास म्या आजवर घेतला नाही, अन् भिंतीले एक डाग नाही, दाताले एक रेघ नाही! याले म्हंतात खानदानी. माहं ठरलं. पोट्टी तुमची. फकस्त मांडवात कोणी खाऊ नका, तिथं माहं भाषण हाय."

आत येऊन पुंजाजींनी दोन बश्या पोहे खाल्ले. धनराजला शेवटपर्यंत काही उमगलं नाही.

पाहुणे गेल्यावर शिवमनं सगळं कबूल केलं. चंपतरावांनीही केलं. पुंजाजींच्या लेखी आपण स्वतः लग्नाआधीपासून तंबाखू खातो, हे कस्तुराबाईंना त्याच वेळी कळलं. मग त्यांनी जे काही तोंड सोडलं, ते वाडीतल्या गड्यापर्यंत ऐकू गेलं. पण सून येतेय म्हटल्यावर त्या हळूहळू थंड झाल्या.

लग्न थाटात झालं. वैजयंती घरात रुळली आणि एक दिवस पुंजाजींचा फोन आला, लेकीला पाहायला येतो म्हणून. कस्तुराबाईंचं नाक आता मोकळं होतं. त्यांनी सुनेकडून नवी बाटली मागून घेतली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अवो, इकडं या. मान वर करा."

"अवं, पण महाराजांची शपथ?"

"महाराजांले म्या सांगतलं. वास कमी पडला तं पुंजाजी इवायाले वाटीन, यायनं तंबाखू सोडली अन् आता पोरीले तरास देऊन राह्यले. उभे राहा नीट!"

चंपतराव उभे राहिले. बायकोनं स्वतःच्या हातानं त्यांना दोन्ही बाजूंनी फवारलं, मग शिवमला, मग सुनेला, मग गादीला.

पुंजाजी फाटकातूनच आत वळले, थांबले आणि छाती भरून श्वास घेतला. त्यांचे डोळे पाणावले.

"सुखात हाय माही पोट्टी," ते म्हणाले.