लादीत हरवलेली पलटण

आधीच सांगून ठेवतो, तुम्हांला हे खरं वाटणार नाही. आमच्या इमारतीत कोणालाच वाटलं नाही. पण माझ्या हातचा रंग असा काही बसला, की अख्खी पलटण भर दुपारी, आमच्याच हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

पलटण आमच्या सुनेची, अपूर्वाची. ती आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरशी भांडते आणि सुट्टीला टेबलावर लढाया लढते. बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे सैनिक, दुसऱ्या महायुद्धातले. फासे टाकायचे, टेपने मोजून सैनिक पुढे सरकवायचे, आणि हरलेल्याने चहा पाजायचा. रविवारी तिची पहिलीच स्पर्धा होती. नियम कडक: बिनरंगाचा सैनिक टेबलावर चालत नाही. झाडीत लपता यावं म्हणून वर्दीवर हिरवे-तपकिरी ठिपके मारायचे, तेवढे राहिले होते, आणि नेमकं शनिवारी ऑफिसने बोलावलं. पोरगी रडवेली झाली.

"ठेव इथे," मी म्हटलं. "आरेच्या रस्त्याने जन्मभर बस चालवली आहे मी. झाडीत काय दिसतं नि काय नाही, ते मला विचार. एकदा तर बिबट्या खिडकीपाशी बसून सांताक्रूझपर्यंत आला, कंडक्टरला दिसला नाही."

"बाबा, नक्की ना?"

"तू बिनधास्त जा गं."

काडेपेटीच्या काडीने ठिपके मारत गेलो. एकाला परीक्षेसाठी कढीपत्त्याच्या कुंडीत उभा केला. कावळा त्याच्या डोक्यावर बसून उडून गेला, त्याला पत्ता नाही! मग सगळ्यांना वाळायला लादीवर मांडलं आणि तिथेच घात झाला. आमची लादी जुन्या मोझेकची: हिरवे, तपकिरी, काळे खडे. मी चहाचा एक घोट घेतला, खाली बघितलं, तर पलटण गायब.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी बायको रुक्मिणी निघाली.

"थांब, पाऊल टाकू नकोस."

"कित्याक?" तिने तिच्या मालवणीत कारण विचारलं.

"खाली सैन्य आहे."

"खंय?"

"तेच तर कळत नाहीये."

"गॅसार दूध आसा माजा."

"दुधापेक्षा सुनेची स्पर्धा मोठी."

दूध उतू गेलं. जळका वास जिन्यापर्यंत पोचला तशी शेजारची जया धावत आली. तिला मी दारातून भिंतीला पाठ घासत सोफ्यापर्यंत आणलं. रुक्मिणी दुसऱ्या भिंतीने आली. पूर आल्यासारख्या दोघी पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या.

"काका, तुम्ही खरंच रंगवलेत की मंत्र मारलात?" जयाने विचारलं, आणि तिथूनच अपूर्वाला फोन लावला.

अपूर्वा रिक्षाने आली. चपला दारात काढल्या नि सरळ लादीवर पालथी झाली. गाल लादीला, हातात मोबाइलची बॅटरी. एकेक चौकोन तपासत ती पुढे सरकत होती.

"बाबा, एकही दिसत नाही हो. उद्या काय घेऊन जाऊ मी?"

"दिसणार कसा? रंगच तसा बसलाय," मी म्हटलं. तिचा चेहरा मला बघवेना. मीही गुडघ्यांवर आलो आणि तिला वाट दाखवत पुढे रांगू लागलो. "जरा जपून. इथे टेबलाखाली मशीनगनवाला असायला हवा. त्याला जरा जास्तच मन लावून रंगवलं होतं."

मागे बॅटरीचा उजेड एका जागी थांबला.

"बाबा, हलू नका."

"सापडला?"

सोफ्यावर जयाने तोंडात पदर कोंबला. रुक्मिणीने कपाळाला हात लावला.

"तुमच्या लेंग्यावर मागे हिरवे-तपकिरी छाप उठलेत," अपूर्वा शांतपणे म्हणाली. "हेल्मेटचे, बुटांचे. खिशापाशी एक बंदूकही अडकलीय. बाबा, तुम्ही त्यांच्यावर बसलात. कुठे लपवलेत ते काढा आता. मोडलेले मी चिकटवीन. जखमी चालतात तिथे, फक्त बिनरंगाचे चालत नाहीत."