साळिंदराकडे बघताना

सिनेमाचं परीक्षण लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ! शाळेच्या भित्तिपत्रकातलं सिनेमाचं सदर अख्ख्या शाळेला हवं होतं, आणि बाईंनी ते मला दिलं. एका परीक्षणापुरतं. जमलं तर कायमचं!

सिनेमा होता एका कुटुंबाचा आणि त्यांच्या घरात राहणाऱ्या बोलक्या साळिंदराचा, भाग दुसरा. माणसं खरी, साळिंदर मागाहून चितारलेलं. मी वहीत दोन रकाने पाडले. उणिवा सहा. जमेची बाजू एकच : रंग छान.

बाईंनी वही परत केली. "'वडील साळिंदराशी बोलताना भलतीकडेच बघतात, साधं बघताही येत नाही!' साधं? मग घरी करून बघ. संध्याकाळी तुमच्याच गल्लीतून जाते, तेव्हा बघू. नाहीतर सदर दुसऱ्या कुणाला."

हात्तिच्या! माझे बाबा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "इथे बघा, इथे" सांगत असतात. त्यांच्याइतकं नेमकं कोण बघणार?

मी रिकामी खुर्ची मांडली. "बाबा, इथे साळिंदर बसलंय. घर सोडून चाललंय. थांबवा त्याला."

"केवढं आहे?"

"मांजराएवढं."

बाबांनी कंठ दाटून आणला. "जाऊ नकोस रे राजा!"

"बाबा, तुम्ही फ्रिजशी बोलताय."

"आता?"

"आता पंख्याशी."

"माझ्याशी बोलतानाही असेच बघतात," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "नवीन काय त्यात!"

अकराव्या खेपेला मात्र बाबांना चेव चढला. गुडघे टेकले, नजर खुर्चीत खिळली, डोळ्यांत चक्क पाणी! "तुझ्याशिवाय हे घर म्हणजे काच नसलेली फ्रेम रे!"

नेमक्या तेव्हाच उघड्या दारातून बाई आत आल्या. रडणारे बाबा बघून गोंधळल्या आणि संकोचून समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अहो बाई, काटे!" बाबा किंचाळले.

बाई ताडकन उडाल्या! मागे वळून खुर्चीला म्हणाल्या, "सॉरी हं!"

"बाई, तुम्ही बरोब्बर त्याच्या डोळ्यांत बघितलंत!" मी टाळ्याच पिटल्या.

"तुझ्या बाबांनी ते तिथे बसवलं, म्हणून." बाईंनी दम घेतला. "सिनेमातल्या वडिलांनी नव्हतं बसवलं? साळिंदर घर सोडतं, त्या प्रसंगाला तू काय करत होतीस?"

मी वही पाठीमागे लपवली.

"हमसून हमसून रडत होती," आई म्हणाली. "शेजारी मीच होते ना! माझा रुमाल पिळून काढावा लागला."

"मग हे वहीत कुठाय?"

सदर कायमचं मिळालं! भित्तिपत्रकासमोर ही गर्दी! उणिवा आता दोनच : मध्यंतरानंतर गोष्ट रेंगाळते, आणि विनोद पहिल्या भागातलेच पुन्हा येतात. जमेच्या बाजूला मात्र बाईंनी स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत लिहिलंय : 'शेवटच्या प्रसंगात परीक्षक आईच्या रुमालात रडली.'

पाचवीतल्या एकीने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ताई, नाकपण पुसलंस?"

हो म्हणाले. काय करणार, परीक्षकाला खोटं बोलून चालत नाही!