सोमवारचा तारा

वासंतीताईंनी गच्चीत उभं राहून तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडलं, डोळे मिटून महादेवाला नमस्कार केला आणि मग नवऱ्याला विचारलं, "अहो, हा तारा रोज असतो ना इथे?"

"असतो की," आनंदराव म्हणाले. "जाणार कुठे?"

उत्तर अगदी खरं होतं. तारा कुठेही जाणार नव्हता. तो फक्त दिसेनासा होणार होता. पण तसं कुणी विचारलंच नव्हतं.

टिपणीसांच्या घरात नेमधर्माचं सगळं खातं वासंतीताईंकडे होतं. गुरुवारी दत्ताची पोथी, शुक्रवारी आंबट वर्ज्य, शनिवारी मारुतीला तेल. रविवार तेवढा मोकळा, तर त्या दिवशी त्या आठवड्यात राहून गेलेला जप भरून काढत. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि नेम कधी मोडत नसे. आता डोंबिवलीला दिलेल्या लेकीला, वल्लरीला, दिवस गेले होते. डॉक्टरांनी "जरा जपा" म्हटलं होतं आणि महाशिवरात्रीच्या सुमाराची तारीख दिली होती. वल्लरी जपत होती, पण आईचं तेवढ्याने भागेना. त्यांनी सोळा सोमवार धरले. त्यांची आई श्रावणी सोमवारी तारा बघून जेवायची, म्हणून आपणही तारा बघूनच उपास सोडायचा, अशी त्यात स्वतःची एक भर घातली.

तारा कुठला, हे विचारायला लांब जायला नको होतं. आनंदराव कोलशेतच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यापासून बाळकुमच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीतच असत. त्यांना छंद होता रूपविकारी ताऱ्यांचा. म्हणजे जे तारे कधी तेजाळतात, कधी मंदावतात, त्यांच्याकडे बघत बसायचं, शेजारच्या ताऱ्यांशी त्यांचं तेज ताडून वहीत नोंदवायचं. वासंतीताईंना हा छंद शेजाऱ्यांच्या संसारात डोकावण्यासारखा वाटे, पण त्या बोलत नसत.

तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायको गच्चीत आली आणि म्हणाली, "एखादा छानसा तारा दाखवा ना." आनंदरावांना काय करू नि काय नको असं झालं. आकाशात चांगले खणखणीत, जन्मात न हलणारे तारे शेकड्याने होते. पण माणूस आनंदात असला की पाहुण्याला आपल्या लाडक्या पोराचीच कविता ऐकवतो. खाडीच्या बाजूला वर आलेला एक तांबूस तारा त्यांनी दाखवला. त्याचं नाव मीरा. त्या दिवसांत तो भरात होता. वासंतीताईंनी हात जोडले, ताम्हन पुढे ओढलं, आणि संकल्प सुटला.

पहिले काही सोमवार छान गेले. मग एका सोमवारी गच्चीतून खाली येताना त्या म्हणाल्या, "आज जरा मलूल वाटला हो. डोळे बारीक करून बघितलं तेव्हा दिसला."

आनंदरावांनी ताटातला चुरमा उगीचच चिवडला. "अगं, तो रूपविकारी आहे."

"म्हणजे? आजारी?"

"आजारी नव्हे. त्याचा स्वभावच तो. काही महिने झगझगीत, काही महिने मंद. मंद म्हणजे साध्या डोळ्यांना पत्ताच लागत नाही."

"मग परत कधी दिसणार?"

"पुढच्या नवरात्राच्या आसपास."

वासंतीताईंनी शांतपणे ताटाकडे पाहिलं. चुरमा तोपर्यंत पुरणारा नव्हता.

"हे तुम्ही मला तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तू नेमाचं कुठे बोललीस? तू म्हणालीस, छानसा दाखवा. मी माझा दाखवला."

त्या 'माझा'वर रागवावं कसं, ते वासंतीताईंना कळेना. आनंदरावांनी तेवढ्यात तोडगा काढला. "बदलू या ना! व्याध घे. आख्ख्या ठाण्यातले दिवे लावले तरी दिसतो."

"अहो, संकल्प म्हणजे रिक्षा आहे का? ही नाही म्हणाली म्हणून दुसरीला हात करायला? आणि मध्येच नेम मोडला तर पहिल्यापासून धरावा लागतो. तोवर वल्लरीचं बाळ रांगायला लागेल."

शेवटी नौपाड्यातल्या गुरुजींना फोन लावला. दुर्बिणीतून पाहिलेला तारा शास्त्राला चालेल का?

"वहिनी, पोथी कशी वाचता?" गुरुजींनी विचारलं.

"चष्मा लावून."

"मग महादेव काय म्हणतो, चष्म्यातून वाचलीत, ती धरत नाही? दुर्बीण म्हणजे लांबचा चष्मा. खुशाल बघा." वासंतीताईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोच गुरुजी पुढे म्हणाले, "मात्र तारा तोच हवा हं. शेजारचा चालायचा नाही."

हे वाक्य फोनच्या स्पीकरवर आनंदरावांनीही ऐकलं आणि ते लगेच ताऱ्यांचा नकाशा काढून बसले. आजवर तारा चुकला तर फार तर एक नोंद चुकायची. आता चुकला तर लेकीसाठी धरलेलं व्रत मोडणार होतं.

हातातल्या दुर्बिणीवर महिनाभर निभावलं. मग त्यातूनही दिसेना, तेव्हा पलंगाखालची मोठी दुर्बीण निघाली. ती चांगली लांबरुंद नळी होती, आणि लिफ्टमध्ये काही मावत नव्हती. आनंदराव नळी खांद्यावर घेऊन आणि वासंतीताई मागे दुर्बिणीचं तिकाटणं, निरांजन आणि चुरम्याचा डबा घेऊन जिना चढू लागले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी दार उघडलं. कमळाबाई मूळ बाळकुम गावातल्या. जमीन इमारतीत गेली, पण आवाज शेतातलाच राहिला होता.

"काय गो बाय, तोफ कुठं नेताव?"

वासंतीताईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. कमळाबाईंनी ते तितक्याच मोठ्या आवाजात जिन्याला सांगितलं. पुढच्या सोमवारी गच्चीत दुर्बिणीपुढे बायकांची रांग लागली. कुणी सुनेसाठी सोमवार धरला होता, कुणी जावयाच्या बढतीसाठी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट होतं आणि प्रत्येकीला भूक लागली होती.

"दिसला का?"

"नुसतं काळं काळं दिसतंय."

"अहो काकू, डोळा उघडा तो! मिटलेला लावलात तुम्ही."

"टिपणीसभाऊ, यात तर कितीतरी हायत. आपला कंचा?"

"तो मधला, तांबूस," आनंदराव घाम पुसत म्हणत. "नळीला हात नका लावू. हलली! हलली की हो!" मग परत पहिल्यापासून शोध.

टाकीवरच्या हॅलोजनने सगळ्यांचेच डोळे दिपत होते. तो दिवा संध्याकाळी बंद ठेवावा म्हणून आनंदराव सोसायटीच्या प्रत्येक सभेत हात वर करत, आणि सेक्रेटरी राकेश दरवेळी म्हणे, "काका, सिक्युरिटी इश्यू आहे, नेक्स्ट मीटिंगला बघू." कमळाबाईंनी नेक्स्ट मीटिंगची वाट पाहिली नाही. त्यांनी कठड्यावरून खाली वाकून हाक मारली, "ए राकेश! इतक्या बायका उपाशी हायत. पाप लागंल तुला. लाइट बंद कर!"

राकेशने हॅलोजन बंद केला. मग बागेतले दिवे बंद केले. घाईघाईत लिफ्टही बंद केली, ती मात्र परत सुरू करावी लागली. पुढच्या सोमवारी शेजारच्या इमारतीनेही दिवे मालवले, कारण त्यांच्याही चार बायका आता रांगेत होत्या. आनंदरावांनी वर पाहिलं. बाळकुमच्या आकाशात त्यांना ओळखीचे तारे एकेक करून भेटायला आल्यासारखे दिसू लागले. त्यांनी चष्मा काढून पुसला. वासंतीताईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता वासंतीताईंना एका ताऱ्यावर भार टाकून बसणं बरं वाटेना. रोजच्या नमस्काराला आणखी एखादा असावा, भरवशाचा. आनंदराव म्हणाले, "आर्द्रा घे. साक्षात रुद्राचं नक्षत्र. लालभडक, ठसठशीत. हा कुठे जात नाही बघ." वासंतीताई रोज संध्याकाळी तिलाही भक्तिभावाने हात जोडू लागल्या.

थोड्याच दिवसांत पेपरात आलं की आर्द्रेचा तारा कधी नव्हे इतका मंदावतो आहे, जगभरचे शास्त्रज्ञ चक्रावले आहेत, आणि कुणी कुणी तर म्हणतात की तो आता फुटणार. आनंदराव पेपर घेऊन नाचायचेच बाकी राहिले. "वासंती! अतिनवतारा होईल! दिवसा दिसेल! आपल्या हयातीत!"

"अहो, पण मी फक्त नमस्कार केला हो," वासंतीताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

बातमी जिन्याने वरखाली गेली. संध्याकाळी कमळाबाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि अगदी कळकळीने म्हणाल्या, "वहिनी, एक सांगू? राग नका मानू. तुमी सूर्याकडे तेवढा बघू नका."

शेवटचा सोमवार उजाडला. उद्यापनाची तयारी झाली होती, गच्ची झाडून रांगोळी काढून झाली होती. दुपारी जावयाचा, सुमितचा, फोन आला. "आई, वल्लरीला ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणतात आजच होईल. तुम्ही या."

वासंतीताई होत्या त्या साडीत निघाल्या. खाली गाडी बोलावून पाहतात तर आनंदराव नळी खांद्यावर घेऊन जिना उतरताहेत.

"अहो, हे काय? लेक अडलीय तिकडे!"

"म्हणूनच. शेवटचा सोमवार आहे तुझा. तिथे गच्ची असेल ना?"

नळी गाडीत मावेना. शेवटी ती दोघांच्या मांड्यांवर आडवी झोपवली, आणि तिचं एक टोक खिडकीतून बाहेर ठेवून ते शिळफाट्याच्या गर्दीतून डोंबिवलीला निघाले. वासंतीताई डोळे मिटून जप करत होत्या. शेजारच्या ट्रकवाल्याने मात्र दोनदा वाकून पाहिलं आणि गाडी जरा लांब घेतली.

नर्सिंग होमच्या दारात वॉचमन आडवा आला. "ये तोप लेकर किधर?"

"तोप नाही, दुर्बीण आहे. मिसेसचा सोमवार आहे," आनंदराव म्हणाले. वॉचमनला काही कळलं नाही, पण सोमवार म्हटल्यावर त्याने वाट दिली.

ते वर पोचले आणि पाचच मिनिटांत नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. आई सुखरूप, बाळ सुखरूप. सुमित हसत होता की रडत होता, ते सांगता येत नव्हतं. बाळ वासंतीताईंच्या मांडीवर आलं, त्याने तोंडाचा चंबू केला, आणि वासंतीताईंचं देवाचं नाव घ्यायचंही राहून गेलं.

तेवढ्यात विहीणबाई, देवयानीबाई, धापा टाकत आल्या. फोन आला तेव्हा त्या अंबरनाथच्या शिवमंदिरात होत्या. "विहीणबाई, आधी तोंड गोड करा. महादेवाचा प्रसाद आहे," असं म्हणून त्यांनी पेढा पुढे केला.

बाहेर अजून उजेड होता. तारा दिसायला अवकाश होता. वासंतीताईंनी पेढ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या नातीकडे पाहिलं. ज्याचा उपास, त्याच्याच गाभाऱ्यातून प्रसाद आलेला. जिच्यासाठी नेम, ती मांडीवर झोपलेली. आता नाही म्हणायचं ते कुणाला? त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि खाल्ला.

"वासंती!" जिन्याशी तिकाटणं घेऊन उभे असलेले आनंदराव ओरडले. नर्सने ओठांवर बोट ठेवलं. ते कुजबुजत ओरडू लागले. "अगं, तारा! तारा कुठे बघितलास?"

"प्रसाद नाकारायचा नसतो हो."

"गुरुजी काय म्हणाले होते?"

"गुरुजींना मी सांगेन. महादेवाने स्वतःच सोडवला उपास. त्याच्यापुढे गुरुजी काय बोलणार?" त्या बाळाकडे बघून हसल्या. "तुम्हीही घ्या. या बसा."

आनंदराव बसले नाहीत. नळी उचलून ते तरातरा वर गेले. सुमित त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "आई, बाबांना काही खायला आणू का? मघाशी वडापाव विचारला, नको म्हणाले. मागच्या सोमवारी दुपारी वल्लरीला भेटायला आलेले तेव्हाही नको म्हणाले. त्याच्या मागच्यालाही."

वासंतीताईंनी बाळ देवयानीबाईंकडे दिलं. सोमवारी दुपारी 'बाहेर खाल्लंय', 'पोट जड आहे', 'उन्हाने भूक मेलीय', असं आनंदराव किती सहज सांगत असत, ते त्यांना एकेक करून आठवू लागलं.

त्या पेढा घेऊन गच्चीत गेल्या. उजेड सरला होता. डोंबिवलीचे दिवे चहूकडे पेटले होते, एकानेही सोमवार पाळलेला नव्हता, आणि आनंदराव वाकून त्या झगमगाटात तांबूस ठिपका शोधत होते.

"अहो, या ना आता. पेढा खा. आजोबा झालात."

"झालो, झालो. तू खा," आनंदराव डोळा न काढता म्हणाले. "मला अजून दिसला नाहीय. माझा सोमवार आहे."

 वासंतीताई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकल्या, पेढा पदराने झाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा तरी उपास सुटायची वाट बघत बसल्या.